कृपया मान वर करावी

प्रति,
समस्त रोहित पक्षी (बोलीभाषेत फ्लेमिंगो),
मु. उजनी धरणाचा फुगवटा, भिगवण-कुंभारगाव परिसर,
ता. इंदापूर, जि. पुणे.

विषय : छायाचित्रणास अपेक्षित सहकार्य न मिळाल्याबाबत.

महोदय / महोदया,

(आपल्यातले नर कोण आणि माद्या कोण हे लांबून कळत नाही, त्यामुळे दोन्ही लिहिले आहे. राग नसावा.)

तोंडी सांगून पाहिले, उपयोग झाला नाही, म्हणून आता लेखी कळवत आहे. आम्ही पुण्याहून पहाटे चारला निघतो. थंडीत कुडकुडत शंभर किलोमीटर येतो. मांडीवर लहान मूल घ्यावे तशी सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन बोटीत बसतो. त्या लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत, हा आमचा घरगुती प्रश्न झाला. पण आपण निदान त्याची जाण ठेवावी. आपण काय करता? खाता. आम्ही पोचलो तेव्हा आपण खात होता, सूर्य वर आला तेव्हा खात होता, आम्ही पोहे संपवले तरी आपले संपले नव्हते. आणि खाताना डोके पाण्यात!

आपण चोच उलटी करून खाता, जीभ पंपासारखी मागे-पुढे करून चिखलपाणी आत ओढता आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून गाळून किडे, अळ्या, शेवाळाचे कण तेवढे ठेवून घेता, हे सगळे आम्ही वाचलेले आहे. इतके बारीक खाणाऱ्या चार-साडेचार फुटी देहाला दिवसभर खावे लागणारच, हेही मान्य. पण आमचीही बाजू ऐका. डोके पाण्यात म्हणजे डोळा दिसत नाही. डोळा नाही म्हणजे त्यातली चमक नाही. आणि चमक नसलेल्या फोटोला आमच्या मंडळात ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात. हा शब्द किती लागतो, हे ज्याच्या फोटोखाली तो लिहिला गेला त्यालाच विचारावे.

शिवाय आपला रंग. उभे असताना आपण बहुतांशी पांढरट दिसता. जो खरा लालभडक भाग आहे तो आपण पंखात घडी घालून ठेवलेला, आणि त्याची काळी किनारही तिथेच. तो माल उडाल्याशिवाय दिसत नाही. मग सांगा, आम्ही करायचे तरी काय?

आता येतो मुख्य मुद्द्यावर. आमचा नावाडी भला माणूस आहे. उजनी १९८० मध्ये पूर्ण झाली तेव्हा ज्यांचे शिवार या पाण्याखाली गेले, त्यांच्यापैकीच एका घरातला. एरवी चिलापी धरतो, हिवाळ्यात आम्हाला फिरवतो. तो लांबच इंजिन बंद करतो आणि म्हणतो, “सायेब, हितंच थांबू. चरत्यात ती, उठवाया नको.” आम्ही म्हणतो, “काका, अजून थोडं.” तो बांबूने जरा रेटतो. आम्ही म्हणतो, “अजून थोडं.” एवढ्यात शेजारची बोट पुढे सरकते. तिच्यात साताऱ्याचे लोक असतात, त्यांना आपले उड्डाण मिळणार आणि आम्हाला आपली पाठ, हा अन्याय कोण सहन करील? आम्ही काकांना बक्षिसाची आठवण करून देतो. काका काही बोलत नाहीत, पण बांबू पुढे टाकतात.

इथून आपले वागणे सुधारते, हे प्रांजळपणे नमूद करतो. आधी एक मान वर होते, मग दहा, मग सगळा थवा माना ताठ करून एका दिशेने चालू लागतो. आमच्यातल्या एकाने या फोटोला ‘सलामी’ असे नाव देऊन तो घरात लावला आहे. ती सलामी नसून धोक्याची खूण असते, असे पक्षिशास्त्रवाले म्हणतात. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. त्यानंतर आपण पाण्यावरून धावता. एवढे अंग एकदम उचलत नाही, त्यामुळे पाण्यावर पाय आपटत लांबवर पळावे लागते, हे आमच्या फार सोयीचे आहे: सेकंदाला वीस फोटो निघतात आणि पळतानाचे शिंतोडे सुरेख येतात. आपण एक फेरी मारून पलीकडच्या टोकाला उतरता. तिथे तिसरी बोट असते.

या उठबशीत आपण खाल्लेले जिरून जाते, अशी तक्रार आपल्या वतीने काही लोक करतात. आमच्या ग्रुपवर एका कायदेपंडिताने तर टाकले, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसती मारण्या-पकडण्यापुरती नाही, त्यात हाकणे आणि आमिष दाखवणेही येते. आम्ही त्याला ग्रुपमधून काढले.

आमिषावरून आठवले. त्या कुरवांकडून काही शिका! लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून येतात, पण गर्व नाही. मूठभर शेव फेकली की बोटीभोवती गोंगाट करत घिरट्या घालतात, तोंडासमोर येऊन थांबतात, फोनवरसुद्धा फोटो निघतो. आम्ही आपल्यासाठीही फरसाण आणले होते. आपण ढुंकून पाहिले नाही.

आपल्या येण्या-जाण्याबद्दलही बोलायला हवे. आम्हाला सुट्ट्या डिसेंबरात असतात. पाऊस चांगला झाला, धरण काठोकाठ भरले, की आपण महिना-महिना उशीर करता. का, तर पाणी खोल आहे, चिखल उघडा पडलेला नाही. पाणी ओसरू लागले की मग ऐटीत उतरता. उजनी मायनसमध्ये जायला लागली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो आणि आपल्या पोटात अन्न जाते, हे काही शोभत नाही. कच्छच्या रणात चिखलाची घरटी करून राहणाऱ्यांना पाण्याचे वेळापत्रक पाळायची सवय असेल. इथे आमचे रजेचे अर्ज आधी भरलेले असतात.

आम्ही आमच्या बाजूने कसूर ठेवलेली नाही. आपल्याला दचकायला होऊ नये म्हणून पानापानांचे कपडे खास मागवले. वर केशरी लाइफ जॅकेट घालावे लागते, त्याला इलाज नाही. आणि उघड्या पाण्याच्या मधोमध झुडूप कुठून आले असा प्रश्न आपल्याला पडत असेल, तर तो आपला संशयी स्वभाव.

काही जण आम्हाला नांदूर मध्यमेश्वरला जा म्हणतात. गोदावरी-कादवाच्या संगमावरचे अभयारण्य, रामसर यादीत गेलेले राज्यातले पहिले पाणथळ. जाऊन आलो. तिथे मनोऱ्यावर उभे राहून दुर्बिणीतून बघायचे असते. थापट्या, तलवार बदक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, सगळे आपापल्या कामात, आणि आम्ही आमच्या जागी. तासाभराने एक पाणकोंबडी आपणहून इतकी जवळ आली की लेन्स मागे घ्यावी लागली. पण त्यात आमचे कर्तृत्व काय? जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हाची माणसेही तसलीच. वही, पेन, दुर्बीण; मोजतात, लिहितात, निघून जातात. रात्री टाकायला फोटो एक नाही.

तरी आपणास विनंती, की यापुढे दर रविवारी सूर्य मागे न घेता, बोटीपासून पन्नास फुटांवर, माना वर करून उभे राहावे आणि खूण करताच एका दिशेने, शक्यतो उजवीकडून डावीकडे, उडावे. असहकार असाच चालू राहिला, तर नाइलाजाने ड्रोन आणावा लागेल.

आपला,
एक त्रस्त छायाचित्रकार

ता. क. : आपल्या थव्यात काही मळकट, राखाडी पोरे असतात. ती फोटोचा विचका करतात, रंगाची पट्टी कितीही ओढली तरी गुलाबी होत नाहीत. तो रंग खाण्यातूनच चढतो आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात, असे कळले. तरी त्यांना भराभर खाऊन रंग आणायला सांगावे. मात्र सकाळी सात ते दहा आणि दुपारी चार ते सहा या वेळा सोडून, कारण तेव्हा आम्ही त्यांना उडवत असतो.