अजून उतरेल!

त्याच्या गेमिंग पीसीचं कॅबिनेट एका बाजूनं काचेचं आहे. आत तीन पंखे रंग बदलत फिरतात, ग्राफिक्स कार्डावर निळी पट्टी उजळते, रॅमच्या कांड्यांमधूनही उजेड झिरपतो. या सगळ्या रोषणाईच्या मागे, केबलींच्या आड दडवलेली १ टीबीची हार्ड डिस्क कुरकुरत असते. ‘ती तात्पुरती आहे,’ असं तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पीसी असेंबल केला त्या दिवशीही त्यानं हेच सांगितलं होतं. बजेट ग्राफिक्स कार्डानं खाल्लं होतं, तिच्या जागी घ्यायच्या वेगवान एसएसडीचे भाव तेव्हा पडत होते, आणि पडत्या भावात खरेदी करणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. भाव तळाला टेकला की घ्यायची, असं ठरलं. तळ कुठे आहे हे आपल्याला बरोबर कळेल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

असा एक इसम डोंबिवलीत असतो, पिंपरीत असतो, हिंजवडीच्या कुठल्याही कँटीनमध्ये तर हमखास असतो. वय पंचविशी ते चाळिशी, पगार बरा. एरवी हात सढळ. मित्रांचं हॉटेलचं बिल भरतो, रिक्षावाल्याकडे सुटे मागत नाही. एसएसडीचा विषय निघाला की मात्र दर जीबीला किती पैसे पडतात, यावर येतो. कंपन्या टेराबाइट हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून १ टीबीची डिस्क पडद्यावर ९३१ जीबी दिसते. ‘उरलेले कुठे गेले?’ असं विचारणाऱ्या नवशिक्याकडे तो कीव करून पाहतो आणि सगळं गणित समजावून सांगतो. स्वतः हिशेब करताना मात्र ९३१ नंच भागतो. कंपनीला ६९ जीबी फुकट का सोडायचे?

ज्ञानाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही. एसएसडीच्या एका पेशीत तीन बिट साठवले की टीएलसी, चार साठवले की क्यूएलसी. चार बिट ओळखायचे तर विजेच्या दाबाच्या सोळा पातळ्या वेगळ्या वाचाव्या लागतात. त्यामुळे लिहिणं संथ होतं आणि झीज लवकर होते, पण तेवढ्याच सिलिकॉनमध्ये माल जास्त बसतो, म्हणून वस्तू स्वस्त. कंपन्या त्यावर तोडगा काढतात. पेशींचा एक भाग एकेक बिट घेऊन झरझर लिहायला राखून ठेवतात. तो भरला की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या मॉडेलचं १ टीबीचं रूप घ्या. लिहिण्याचा वेग सुरुवातीला सेकंदाला ५३० एमबी, आणि ती राखीव जागा संपल्यावर ८० एमबी. दोन्ही आकडे कंपनीच्याच कागदावर आहेत. ‘८०! माझी हार्ड डिस्क याच्यापेक्षा जोरात लिहिते!’ हे तो ज्या अभिमानानं सांगतो, तो अभिमान त्या बिचाऱ्या हार्ड डिस्कच्या वाट्याला एरवी कधी येत नाही.

त्याच्या घरचं ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचं आहे. म्हणजे गेम उतरतो तो सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबीनं. या धारेला क्यूएलसीचे ८० एमबीसुद्धा पुरून उरतात. हा मुद्दा एकदा ऑफिसातल्या एका मुलीनं काढला होता. त्यानं विषय डीरॅम कॅशवर नेला.

डीरॅम कॅश हे त्याचं दुसरं व्रत. कुठला डेटा कुठे ठेवला आहे याचा नकाशा महाग एसएसडी स्वतःच्या छोट्या रॅममध्ये बाळगतात. स्वस्तातल्या एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या, एसएसडी कॉम्प्युटरच्या रॅममधला काही एमबींचा तुकडा उसना घेऊन भागवतात. गेमसाठी तेवढ्यानं भागतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तरी उसनवारीवर चालणारी वस्तू घरात आणायची नाही. मग निघते टीबीडब्ल्यूची गोष्ट. किती टेराबाइट लिहीपर्यंत कंपनी हमी देते, तो हा आकडा. क्रुशियल पी३ च्या १ टीबीला २२०, डब्ल्यूडीच्या एसएन५७० ला ६००. २२० ऐकून त्यानं मान हलवली आणि क्रुशियल यादीतून खोडली. आता २२० टेराबाइट म्हणजे किती? ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम १५० जीबी जागा मागतो. तो रोज सकाळी टाकायचा, रात्री पुसायचा, आणि असं एकही खाडा न करता चार वर्षं करायचं. तेव्हा कुठे हमी संपेल.

किंगस्टनची एनव्ही२ त्याला भावानं पटली होती, पण ती दुसऱ्याच कारणानं बाद झाली. तिच्या आतला कंट्रोलर आणि फ्लॅशच्या चिप कुठल्या, हे कंपनी ठरवून सांगत नाही. एकाच नावाच्या दोन डिस्क उघडल्या तर आत वेगळा ऐवज निघू शकतो. वर देवगडचा थर आणि खाली भलताच आंबा निघाला की गिऱ्हाइकाचा जो चेहरा होतो, तोच त्याचा झाला. या रागाला आधार आहे, हे मान्य करायला हवं. कंपन्यांनी चाचणीसाठी एक माल पाठवायचा आणि नंतर त्याच नावानं दुसरा विकायचा, हे प्रकार या धंद्यात झालेले आहेत.

वेगाचं म्हणाल, तर साटा केबलच्या एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीला अडतात. तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमई साडेतीन हजारांवर जातात, चौथ्या पिढीच्या सात हजारांवर, आणि पाचव्या पिढीच्या खोक्यावर १४ हजारांचे आकडे छापतात. याचा मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा. त्याची एम.२ खाच तिसऱ्या पिढीची. चौथ्या पिढीची डिस्क त्यात बसेल, पण पळेल तिसऱ्या पिढीच्याच चालीनं. तरी तिसऱ्या पिढीची घ्यायची नाही, कारण उद्या बोर्ड बदलला तर? आणि चौथ्या पिढीची आज घ्यायची नाही, कारण पाचव्या पिढीचा माल वाढला की ती उतरेल.

गंमत अशी की ज्या फरकावर तो रात्री जागवतो, तो गेम खेळताना फारसा जाणवतच नाही. बहुतेक गेममध्ये साटा एसएसडी आणि महागडी एनव्हीएमई यांच्या लोडिंगमध्ये मोजक्या सेकंदांचं अंतर पडतं. बाकीचा वेळ प्रोसेसर फाइली उलगडण्यात घालवतो. खरी दरी आहे ती हार्ड डिस्क आणि कुठल्याही एसएसडीमध्ये. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात, सुई सरकायला आणखी आठ-नऊ. एसएसडी हेच काम मिलिसेकंदाच्या अंशात उरकते. ‘स्टारफील्ड’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ यांनी तर २०२३ मध्ये किमान गरजांच्या यादीतच एसएसडी लिहून टाकली. म्हणजे बाजारातली सगळ्यात टाकाऊ क्यूएलसीसुद्धा त्याचं आयुष्य बदलू शकली असती. हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारायची सोय नाही. तो लगेच जीटीए ऑनलाइनचा दाखला देतो.

दाखला खरा आहे. या गेमला चालू व्हायला पीसीवर मिनिटंच्या मिनिटं लागत, आणि लोक डिस्कला शिव्या घालत. २०२१ मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रामरनं तपासलं, तर गेम सुमारे ६३ हजार नोंदींची एक यादी वाचताना प्रत्येक नोंदीगणिक उरलेला मजकूर पहिल्यापासून मोजत बसला होता. ही आणि आणखी एक खोड काढल्यावर त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनं दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं. ‘बघा, म्हणजे दोष डिस्कचा नव्हताच,’ असं म्हणून हा आपली खरेदी आणखी सहा महिने पुढे ढकलतो.

महिन्यातून एखाद्या शनिवारी तो लॅमिंग्टन रोडला जातो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत. या रस्त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण पंखे, केबली आणि मदरबोर्ड शोधणारे अजून १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनलाच स्मरतात. दुकानदार त्याला लांबूनच ओळखतात.

‘बोलो बॉस, आज क्या पूछना है?’

‘वन टीबी, जेन फोर. बिल के साथ कितना?’

आकडा येतो. तो आधी ऑनलाइन भावाशी ताडतो, मग १८ टक्के जीएसटी मनातल्या मनात वजा करून मूळ किंमत काढतो, मग वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे विचारतो. समोरचा पोऱ्या तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोन डिस्क विकून मोकळा होतो. शेवटी तो एक वस्तू घेऊनच परततो, कारण गाडीभाडं वसूल व्हायला हवं. गेल्या खेपेला एम.२ चे छोटे स्क्रू आणले, त्याआधी थर्मल पॅड, त्याआधी अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक. म्हणजे एसएसडी बसवायला, गार ठेवायला आणि घट्ट आवळायला लागणारं सगळं घरात आहे.

नवरात्राच्या आगेमागे मोठे ऑनलाइन सेल लागतात, तेव्हा तो रात्री बाराला जागा असतो. ज्या बँकेच्या कार्डावर सूट असते ते कार्ड याच्याकडे कधीच नसतं, म्हणून मेहुण्याला उठवून ओटीपी मागायची तयारी असते. ओटीपी येईपर्यंत त्याला शंका येते की पुढच्या सेलला आणखी पाचशे सुटतील. मेहुणा झोपमोड झाल्याचं बोलत नाही, पण आता फोन सायलेंटवर ठेवतो.

एका बाबतीत मात्र त्याचं ऐकावं. ‘१६ टीबी, फक्त दोन हजार’ अशा जाहिरातीनं शेजारचे काका विरघळले, तेव्हा यानंच त्यांना आवरलं. असल्या डब्या उघडल्यावर आत मेमरी कार्ड चिकटवलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. आतली चिप कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगते, आणि जागा संपली की जुन्या फाइलींवर नव्या लिहीत सुटते. काकांच्या नातवाच्या बारशाचे फोटो त्याच्यामुळे वाचले. काकांनी त्याच्याच सल्ल्यानं बरी एसएसडी घेतली. सोसायटीत अशा सात-आठ जणांना त्यानं डिस्क निवडून दिल्यात, आणि त्या सगळ्या उत्तम चालतात.

थांबण्यामागे त्याची भाबडी आशा होती असं समजू नये. इतिहास त्याच्या बाजूनं होता. २००८ मध्ये इंटेलची ८० जीबीची एसएसडी ५९५ डॉलरला होती. २०२३ च्या मध्यावर आपल्याकडे १ टीबी चार हजारांच्या आसपास मिळू लागली. मधे धक्के बसले. फेब्रुवारी २०२२ मध्ये जपानमधल्या किऑक्सिया आणि वेस्टर्न डिजिटलच्या कारखान्यांत अशुद्ध रसायनं शिरली आणि निदान साडेसहा एक्साबाइट माल बुडाला, तेव्हा भाव चढतील अशी धास्ती होती. उलट झालं. टाळेबंदीत भरलेली खरेदी ओसरली, गोदामं तुंबली आणि भाव कोसळले. २०२३ च्या त्या उन्हाळ्यात कार्टमध्ये टाकलेल्या एसएसडीकडे बघत त्यानं बायकोला सांगितलं, ‘अजून उतरेल.’ तोवर सॅमसंगनं मेमरीचं उत्पादन घटवत असल्याचं जाहीर केलं होतं, किऑक्सियानं तर त्याच्याही आधी. बातमी त्यानं वाचली होती, मित्रांना पाठवलीही होती. आपल्या कार्टाशी तिचा संबंध आहे हे त्याच्या लक्षात यायला पुढचा हिवाळा उजाडला. तोवर तळ येऊन गेला होता.

मग ‘परत उतरेल’ हा अध्याय सुरू झाला.

गेल्या दिवाळीत अकरावीतल्या भाच्यानं खाऊचे आणि साठवलेले पैसे घेऊन स्टेशनजवळच्या दुकानातून १ टीबीची एसएसडी आणली. भाव एकाच ठिकाणी विचारला. कंपनीचं नावही खोका बघून सांगावं लागलं. बसवायला अर्थातच मामा. मामानं आपले स्क्रू काढले, थर्मल पॅड कापला, हीटसिंक चढवला, डिस्क तिरकी खाचेत सरकवून दाबली आणि स्क्रू पिळला. पहिल्या चाचणीचे आकडे पाहून तो गप्प झाला. ‘टीएलसी आहे की क्यूएलसी, विचारलंस का?’ भाच्याचा तोवर गेम चालू झाला होता. निघताना मामानं किंमत ऐकली आणि सांगितलं, ‘तीनशे जास्त दिलेस. जानेवारीत घ्यायची.’

एआयच्या डेटा सेंटरांनी तेव्हाच मेमरीचा बाजार उपसायला घेतला होता. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं आपल्या क्रुशियल ब्रँडचा घरगुती धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. टीबीडब्ल्यू कमी म्हणून यादीतून खोडलेली क्रुशियल आता यादीत परत घ्यायचीही सोय राहिली नाही. जानेवारीत लॅमिंग्टन रोडवरचा आकडा ऐकून त्यानं पहिल्यांदाच जीएसटी वजा केला नाही. बाहेर पायरीवर येऊन भाच्याला फोन लावला.

‘ती एसएसडी तू घेतलीस त्याच भावानं मी घेतो. तुझे पूर्ण पैसे परत. वर ते तीनशेही माफ.’

पलीकडे जरा वेळ गेमचे आवाज येत राहिले.

‘थांब मामा,’ भाचा म्हणाला, ‘आजचा रेट काढून सांगतो.’