होम्सचं लग्न आणि शीर्षकातलं टिंब

दुसऱ्यांच्या पात्रांवर आपल्या कथा रचणाऱ्या फॅन फिक्शनवाल्यांना कशाचंच वावडं नसतं. होम्सचं लग्न डॉ. वॉटसनशी लागतं, स्नेप चितेवरून उठून बसतो, स्पॉक निवांत कॉफीचं दुकान चालवतो. मूळ लेखकाला विचारतो कोण! पण या कथा साठवणाऱ्या संकेतस्थळांविषयी विकीत लेख लिहायला याच मंडळींना बसवा. अंगात तलाठी संचारलाच म्हणून समजा.

१९९८ साली सुरू झालेलं फॅनफिक्शन डॉट नेट घ्या. शीर्षकात टिंब हवं की नको? 'नेट'चा एन मोठा की लहान? एफएफएन हे लाडकं नाव पुनर्निर्देशनात घालायचं की निःसंदिग्धीकरणात? हसू नका. 'स्टार ट्रेक इंटू डार्कनेस' या २०१३च्या चित्रपटाच्या नावातला 'इंटू'चा आय मोठा की लहान, यावर इंग्रजी विकिपीडियाच्या चर्चापानावर हजारो शब्द सांडले आहेत. एवढ्यात कुणाची कादंबरी झाली असती.

२००९ मध्ये खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'ची कथा आणखी न्यारी. नाव व्हर्जिनिया वुल्फच्या निबंधावरून बेतलेलं, पण एक ए आणि तीन ओ मोजून सगळे म्हणतात एओथ्री. विकिपीडियाचा दंडक असा, की लोकांच्या तोंडी असेल ते नाव द्यावं. लोकांच्या तोंडी एओथ्री आहे. म्हणून लेखाचं नाव 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'!

एओथ्री चालवणाऱ्या संस्थेचाच 'फॅनलोर' नावाचा विकी आहे. तिथे तटस्थतेचा आग्रह नाही, अनेक दृष्टिकोन नांदावेत असं धोरण आहे. म्हणजे भांडण मिटवायचं नाही, दोन्ही बाजूंनी नीट नोंदवून ठेवायचं. आमच्या मते जगातला हा सर्वांत प्रामाणिक नियम.

खरी अडचण मेलेल्या ऑनलाइन संग्रहांची. त्याच संस्थेचा 'ओपन डोअर्स' प्रकल्प बुडू लागलेल्या संग्रहांतल्या कथा एओथ्रीवर आणून ठेवतो. काम पुण्याचं, पण लेख लिहिणाऱ्याच्या मुळावर आलेलं. बंद पडलेल्यांच्या वर्गात टाकावं तर कथा धडधडीत वाचता येतात. चालू म्हणावं तर जुना पत्ता उघडत नाही. 'संग्रह आहे' की 'संग्रह होता'? अखेर कुणीतरी धीर करून 'होता' लिहितं. तासाभरात त्या 'होता'ला चिठ्ठी चिकटते: संदर्भ हवा.