रिमोटवाले नाना

कोणाच्याही घरी गेल्यावर माणसं आधी पाणी मागतात. आमचे नाना रिमोट मागतात.

परवा आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला आले. द्रोण हातात घेतला, नजर आमच्या नव्या टीव्हीवर गेली आणि शिऱ्याचा घास तोंडाशीच थांबला. ‘‘ही नायिका आहे की टोमॅटो?’’ टीव्ही ‘व्हिव्हिड’वर होता. ‘‘अरे, हा मोड दुकानासाठी. तिथल्या लखलखाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायला. घरात तोच ठेवायचा म्हणजे वरातीतला बँड दिवाणखान्यात बसवायचा!’’ द्रोण माझ्या हातात आला, रिमोट त्यांच्या.

नानांचं हे वेड जुनं. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं, तेव्हा चाळीतल्या एकुलत्या टीव्हीसाठी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचं काम नानांकडे होतं. वरून ‘‘आलं का?’’, खालून ‘‘आलं, आलं... गेलं!’’ पुढे १९८२ साली रंग आले, मग केबल आली, अँटेना गेल्या. नाना मात्र अजून गच्चीवरून उतरलेले नाहीत.

‘‘ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हे,’’ ते शिकवू लागले. ‘‘काळं किती काळं दिसावं, ते ब्राइटनेस ठरवतो. उजेड बॅकलाइटकडे. हे बारसं कोणी केलं देव जाणे, पण नाव ठेवण्यासारखंच नाव ठेवलंय.’’ शार्पनेसबद्दल त्यांचं मत याहून वाईट. त्याने चित्रात नवा तपशील येत नाही. नुसती कडांना पांढरी किनार येते, ‘‘प्रत्येक माणसाला काठपदर लावल्यासारखी.’’

पण नानांचा खरा वैरी म्हणजे मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच बनवून त्यात घुसडतो आणि भव्य सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळं नाव दिलेलं, त्यामुळे मेनूत ती शोधणं म्हणजे नाव बदलून राहणारा फरारी पकडणं. ‘‘२०१८मध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं, हे बंद करा. तेव्हापासून आम्ही दोघंच सांगतोय.’’

गेल्या महिन्यात त्यांच्याबरोबर एक रहस्यपट पाहिला. नाना अडीच तास पापणी न लववता बसले होते. शेवटी मी विचारलं, ‘‘खुनी कळला होता का हो आधी?’’ नाना भानावर आले. ‘‘खून झाला? पण काळ्या भिंतीपुढे त्याचा काळा कोट किती स्वच्छ वेगळा दिसला!’’ त्यांच्या पत्नी, माई, म्हणतात तेच खरं : हे टीव्ही बघत नाहीत, टीव्हीकडे बघतात.

त्या दिवशी नानांनी आमचा मोड ‘सिनेमा’वर नेला, रंगछटा ‘वॉर्म’ केली, शार्पनेस तळाला नेला, स्मूदिंग हुडकून बंद केलं. सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी वाटली. ‘‘पंधरा दिवस हात लावू नका,’’ नानांनी पथ्य सांगावं तसं सांगितलं आणि उरलेला शिरा मागून घेतला.

आठवडाभर घरात कुरकुर चालली. दहाव्या दिवशी मुलाने गंमत म्हणून पुन्हा ‘व्हिव्हिड’ लावलं आणि घरातले सगळे एकदम ओरडले, ‘‘बंद कर ते!’’ नाना बरोबर होते. हे सांगायला त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

आत मालिका चालू होती. नायिकेची पैठणी डोळ्यांत घुसत होती, भिंती निळ्याशार, चेहरे टोमॅटो. मी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

रिमोट माईंच्या हातात होता.