भाडेकरू सुखी भव!

गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा म्हटलं की सोसायटीच्या सभेत पहिला प्रश्न निघतो किरणोत्सर्गाचा, दुसरा भाड्याचा. भाड्याचा आकडा कळला की पहिला प्रश्न पुढच्या वार्षिक सभेवर ढकलला जातो. तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: हा टॉवर आहे तरी कुणाचा?

सिमकार्डावर जिचं नाव, त्या कंपनीचा बहुधा नसतोच. लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या, वीज गेली की धडधडणारा डिझेल जनरेटर, सगळं टॉवर कंपनीचं. मोबाइलवाले वर आपापले अँटेना टांगतात आणि भाडं भरतात. 2007 मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. जाहिरातीत हाडवैर, गच्चीवर एकाच खांबावर संसार! जिओचे टॉवर 2020 मध्ये कॅनडाच्या ब्रुकफिल्डच्या न्यासाकडे गेले. पदरात 25,215 कोटी पडले आणि जिओ 30 वर्षांचा करार करून तिथंच भाडेकरू म्हणून राहिली.

पुढं व्होडाफोन आयडियाचं भाडं थकलं. तुमचं-आमचं थकलं असतं तर घरमालकानं आधी नळ तोडला असता. इथं काय झालं? डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोननं इंडसमधला आपला उरलासुरला वाटा विकला, आधी सावकारांचं देणं भागवलं आणि राहिलेले पैसे व्होडाफोन आयडियात घातले. कशासाठी? इंडसचं थकलेलं भाडं चुकवण्यासाठी! घरातला वाटा मोडून भाडेकरूचं भाडं भरणारा असा घरमालक पुण्यात शोधूनही सापडायचा नाही.

थकबाकी सरकारचीही होतीच, स्पेक्ट्रमची. एप्रिल 2025 मध्ये सरकारनं 36,950 कोटींच्या येण्याबदल्यात शेअर घेतले. वसुलीला गेलेलं सरकार भागीदार होऊन परतलं! हिस्सा जवळजवळ 49 टक्के, कारभार मात्र जुन्या प्रवर्तकांकडेच.

तेव्हा मंडळी, या कंपनीचा कॉल ऐन बोलण्यात तुटला तर शिव्या जपून हासडा. जवळजवळ निम्मी कंपनी आता तुमचीच आहे. आणि गच्चीचं भाडं सोसायटीला वेळेवर हवं असेल, तर आयकर तेवढा वेळेवर भरत जा.