मुंबई न पाहिलेल्या बॉम्बे मांजरांच्या मंडळांस अनावृत पत्र

प्रति,
बॉम्बे जातीच्या मांजरांची नोंद, निगा व निवड करणारी सर्व मंडळे,
मुक्काम अमेरिका, इंग्लंड व अन्यत्र.

अर्जदार : थाटीपुर, ग्वाल्हेर येथील सरकारी क्वार्टरांच्या आवारातील समस्त काळी मांजरे.

विषय : वंशावळ, गुणपत्रक व सोयरीक यांबाबत निवेदन.

महोदय,

बॉम्बे ही मांजराची जात अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल येथे घडली. १९५० च्या दशकात निकी हॉर्नर या पैदासकार बाईंनी भारतातील काळ्या बिबट्याची घरात मावेल एवढी प्रतिकृती तयार करायचे मनावर घेतले. त्यासाठी गडद तपकिरी, म्हणजे सेबल रंगाचे बर्मीज आणि काळे अमेरिकन शॉर्टहेअर यांची जोडी जमवली गेली. मनाजोगता काळा रंग आणि तांब्यासारखे डोळे एकत्र साधायला बरीच वर्षे लागली. १९७६ मध्ये कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने या जातीला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत घेतले. बिबट्या हिंदुस्थानचा, म्हणून नाव मुंबईचे. मुंबईची हरकत आली नाही, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. ग्वाल्हेरला अशा नावांचे नवल नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरची लष्कर ही वस्ती वसवली, तेव्हापासून इथे कोकणातल्या नि देशावरच्या गावांची आडनावे लावणारी आणि ते गाव कधीच न पाहिलेली माणसे राहतात. फरक इतकाच, की त्यांचा एखादा पूर्वज तरी त्या गावचा होता.

मांजरांसाठी मंडळे काढण्याची प्रथा इंग्रजांची. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मोठे मांजर-प्रदर्शन भरवले. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब निघाला आणि वेअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे त्यांनी ते पद सोडले. सभासदांना मांजरांच्या हितापेक्षा बक्षिसांची ओढ जास्त, अशी त्यांची तक्रार होती. संस्थापकाने वैतागून बाहेर पडावे आणि संस्था जोमाने चालावी, ही रीत मराठी मंडळांनाही परिचयाची असल्याने तिच्यावर वेगळे भाष्य नको.

जातीच्या मंडळाचे पहिले काम म्हणजे आदर्श मांजर कागदावर उतरवणे. या वर्णनाला स्टँडर्ड म्हणतात आणि त्याला १०० गुण असतात. बॉम्बेच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा रंगाला आणि अंगावरच्या केसांना मिळतो. केस आखूड, अंगाला चिकटून बसलेले, पेटंट लेदरच्या बुटासारखे चमकणारे आणि मुळापर्यंत काळे हवेत. नाकाचा शेंडा काळा, पंजाची गादी काळी, डोळे सोनेरी ते तांबूस. छातीवर पांढरा ठिपका असला, शेपटीला गाठ असली किंवा डोळे हिरवे निघाले, तर मांजर बाद. उंदीर पकडण्याला एकही गुण नाही.

दुसरे काम प्रदर्शनाचे. पिंजऱ्यातून काढलेले मांजर परीक्षकाच्या टेबलावर येते. परीक्षक ते दोन्ही हातांनी उचलतो, बांधा चाचपतो, शेपटी बुडापासून टोकापर्यंत बोटांतून ओढून पाहतो, मानेवरचे केस उलटे फिरवून मुळाचा रंग तपासतो आणि पिसाचे खेळणे हलवून डोळे उघडवतो. पुढचे मांजर येण्याआधी टेबल जंतुनाशकाने पुसले जाते. थाटीपुर चौराह्यावर काळ्या मांजराची तपासणी याहून झटपट होते : ते आडवे गेले की स्कूटर थांबते, दुसरा कोणी पुढे जाईपर्यंत वाट पाहिली जाते आणि निकाल तिथल्या तिथे लागतो.

तिसरे आणि मुख्य काम वंशावळीचे. पिल्लाच्या कागदावर साधारण तीन ते पाच पिढ्यांचे पूर्वज असतात आणि प्रत्येक नावाआधी पैदासघराचे नाव जोडलेले असते. मराठी घराण्यांचे कुलवृत्तांतही याच चिकाटीने लिहिलेले आहेत, पण त्यांचा उपयोग नेमका उलटा. कुलवृत्तांत उघडतात तो सोयरीक कुठे करायची नाही हे पाहायला. सगोत्र टाळायचे, सपिंड टाळायचे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंतचे नाते सपिंड ठरवले आहे. मांजराची वंशावळ उघडतात ती मात्र सोयरीक घरातल्या घरात कशी राहील हे पाहायला. याला लाइन ब्रीडिंग असे भारदस्त नाव आहे.

त्याचे परिणाम बॉम्बेच्या आजोळी दिसतात. अमेरिकन बर्मीजचा वंश मुख्यत्वे वाँग माऊ नावाच्या एका मांजरीकडे जातो. ती १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आणली गेली. २००८ च्या एका जनुकीय अभ्यासात, तपासलेल्या जातींपैकी सर्वांत कमी विविधता असलेल्या जातींत बर्मीज होती. पुढे आखूड, गोल चेहऱ्याचे बर्मीज प्रदर्शनांत लोकप्रिय झाले. त्या चेहऱ्याशी एएलएक्स१ या जनुकातील बदलाचा संबंध आहे. त्याची एक प्रत असली तर चेहरा बक्षिसाला शोभतो; आईबापांकडून दोन्ही प्रती आल्या तर पिल्लू कवटी आणि चेहरा विकृत घेऊन जन्मते व जगत नाही. बर्मीजशी सोयरीक चालू असल्याने हा वारसा बॉम्बेतही उतरू शकतो. आता जनुकीय चाचणी उपलब्ध आहे आणि जोडी जमवण्याआधी ती करणारे पैदासकारही आहेत. श्वासाला आणि अश्रुवाहिनीला अडथळा आणणारा चपटेपणा बाद ठरवणारे कलमही स्टँडर्डमध्ये आहे. मंडळांच्या कामातला हा भाग निर्विवाद चांगला आहे, म्हणून या पत्रात त्याची थट्टा नाही.

ज्या रंगासाठी हा खटाटोप झाला, तो मात्र सार्वजनिक मालमत्ता आहे. मांजराचा काळेपणा एएसआयपी या जनुकातील एका बदलातून येतो आणि तोच बदल बॉम्बेत तसाच थाटीपुरच्या गल्लीतल्या काळ्या बोक्यातही असतो. काळ्या बिबट्यातही जनुक तेच, पण बदल निराळा. म्हणजे रंगाच्या हिशेबात बॉम्बे ही बिबट्यापेक्षा या अर्जदारांच्या जवळची ठरते.

वंशावळ नसलेल्या मांजरांसाठी प्रदर्शनात 'हाउसहोल्ड पेट' हा वर्ग असतो. त्याला स्टँडर्ड नाही. तब्येत, स्वच्छता आणि स्वभाव पाहतात. मोठ्या मांजराची नसबंदी झालेली असावी लागते. अलीकडे वर्ल्ड कॅट फेडरेशनने भारतीय देशी मांजराला 'इंडीमाऊ' या नावाने जात म्हणून मान्यता दिली आहे. मान्यतेमागोमाग स्टँडर्ड येते, स्टँडर्डमागोमाग गुणपत्रक आणि गुणपत्रकामागोमाग चुलतभावाचे स्थळ. अर्जदार आताच सावध झाले आहेत.

सबब, पुढील गोष्टी व्हाव्यात :

१. जोडी जमवताना वंशावळीचा उपयोग जवळचे नाते टाळण्यासाठीही करावा.

२. बाहेरचे रक्त घेण्यास मोकळीक वाढवावी. मुळापर्यंत काळ्या रंगाचा पुरवठा थाटीपुरात मुबलक आहे.

३. जनुकीय चाचणीचा निकाल वंशावळीच्याच कागदावर छापणे सक्तीचे करावे.

४. गुणपत्रकात बिनअडथळ्याच्या श्वासाला केसांच्या चकाकीइतके तरी गुण असावेत.

५. देशी मांजराचे स्टँडर्ड लिहिताना आजच्या बारा रंगांतले अकरा बाद करू नयेत.

कळावे.

अर्जदारांतर्फे,
छातीवर पांढरा ठिपका असल्याने बाद ठरलेला एक बोका,
थाटीपुर, ग्वाल्हेर.