ब्रूनोचे बाबा

सोसायटीच्या सभासद नोंदवहीत त्यांचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, आडनावही आहे. मेंटेनन्सची पावती त्याच नावाने फाटते. पण ते नाव मी सेक्रेटरी या नात्याने लिहितो तेवढंच. उच्चारत कुणी नाही. वॉचमन, इस्त्रीवाला, दूधवाला, बी विंगमधल्या आज्या, सगळ्यांच्या लेखी ते ‘ब्रूनोचे बाबा’. एकदा पोस्टमन त्यांच्या खऱ्या नावाचं पत्र घेऊन खाली उभा होता. वॉचमनने छातीठोकपणे सांगितलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही. पत्र हयातीच्या दाखल्याबद्दल होतं, त्यामुळे पेन्शन काही काळ अडकली. ब्रूनोच्या बाबांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. वॉचमन ब्रूनोला ओळखतो ना, मग झालं तर.

हा माणूस मुळात कुत्र्यांतला नव्हेच. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. खात्याचं नाव जलसंपदा झालं तरी हे पाटबंधारेच म्हणतात. हेडक्लार्क म्हणून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा घरातल्या कुठल्याही सजीवाचा लाड केल्याची त्यांच्या नावावर नोंद नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत मुलाला घरात बसून कंटाळा आला, म्हणून त्याने लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. पुढे विमानं सुरू झाली, मुलाला सिअ‍ॅटलला नोकरी लागली, लग्न झालं. कुत्रा राहिला. पुण्यातल्या कितीतरी घरांत त्या सुमाराला असंच घडलं. पिल्लं आणली पोरांनी, सांभाळली म्हाताऱ्यांनी.

कुत्रा पाळायचा म्हणजे काय करायचं हे ब्रूनोच्या बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना एकच काम येत होतं. त्यांनी रजिस्टर घातलं.

लाल कापडी बांधणीचं, फुलस्केप. रकाने आखलेले: तारीख, वेळ, ठिकाण, रंग, स्वरूप, शेरा. हे सगळं कशाचं ते सुज्ञांस सांगणे न लगे. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘समाधानकारक’ असतं, क्वचित ‘किंचित सैल, निरीक्षणाखाली’. एका पावसाळ्यात तर ‘प्रकरण गंभीर, डॉक्टरांस अवगत केले’ अशी नोंद असून खाली तारखेसह सही आहे. पान संपलं की ‘पुढे चालू’, नव्या पानावर ‘मागील पानावरून’. जनावरांचे डॉक्टर पहिल्या भेटीत हसले होते. आता ते आधी रजिस्टर मागतात, मग कुत्र्याकडे बघतात.

ब्रूनो मात्र या सगळ्यापासून अलिप्त आहे. इतका निश्चिंत प्राणी मी पाहिलेला नाही. खातो, झोपतो, उठून कूस बदलतो, परत झोपतो. काळजीचं खातं त्याने पूर्णपणे बाबांकडे सोपवलेलं आहे आणि बाबा ते अतिरिक्त कार्यभार म्हणून विनामोबदला सांभाळतात.

पहिल्या वर्षीची गोष्ट. रात्री एकच्या सुमाराला बेल वाजली. दारात ब्रूनोचे बाबा, हातात थर्मामीटर. “सेक्रेटरीसाहेब, गाडी काढा. एकशे दोन ताप आहे.” वहिनींना काय झालं म्हणून आमची ही धावत गेली, तर वहिनी पलंगावर शांत बसलेल्या आणि ब्रूनो जमिनीवर चप्पल चघळत होता. डॉक्टरांना झोपेतून उठवलं. त्यांनी जांभई देत सांगितलं की कुत्र्याचं शरीर माणसापेक्षा गरमच असतं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हा त्याचा रोजचाच आकडा. ब्रूनोच्या बाबांनी तो रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घेतला, आणि तेव्हापासून घरात तोच प्रमाण झाला. पुढे वहिनींना फ्लू झाला, थर्मामीटरने १०१.५ दाखवलं. बाबांनी चष्म्यातून नीट वाचून जाहीर केलं, “नॉर्मल आहे.” हे वहिनींनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या असं मी म्हणणार नाही.

खाण्याचा विषय त्यांच्याकडे काढू नये. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, कांदा-लसणाने रक्त बिघडतं, चॉकलेट तर विषच. माहिती सगळी खरी आहे. पण ती बाळगायची कशी याची प्रत्येकाची रीत वेगळी. आमच्याकडे सत्यनारायण होता. ब्रूनोचे बाबा तीर्थप्रसादाला आले, प्रसादाचा द्रोण हातात घेतला आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन शिऱ्यातला एकेक बेदाणा बोटाने वेचू लागले. “अहो, तुम्हाला डायबेटिस आहे का?” गुरुजींनी विचारलं. “मला नाही हो, पण माझ्या हाताला वास राहिला तर तो चाटेल.” मग त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले, आणि वेचलेले बेदाणे कागदात बांधून, खाली भटक्या कुत्र्यांच्याही तोंडी लागू नयेत म्हणून कचऱ्याच्या बंद डब्यात टाकून आले. गुरुजींनी एवढं सोवळं बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

ब्रूनोचं वजन ३८ किलो. डॉक्टर म्हणाले, कमी करा, नाहीतर मागच्या पायांचे सांधे जातील. बाबा दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हजर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलंय, चारातल्या साधारण एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, म्हणून त्याची भूकच भागत नाही. यात त्याचा काय दोष? “तुमचा ब्रूनो तोच चौथा कशावरून?” डॉक्टरांनी विचारलं. “बाकीचे तीन मी पाहिलेत,” बाबा म्हणाले. ते सोसायटीतले होते. पैकी सिंबाची आई त्याला वाढदिवसाला केक आणते आणि सिंबा तो हुंगून निघून जातो. तळमजल्यावरचा हस्की एसीत बसून खाण्याकडे बघतही नाही. तेव्हा चौथा कोण हे उघड होतं. डॉक्टरांनी तरीही रोजचं खाणं मोजून द्यायला सांगितलं. हल्ली बाबा वाटी तराजूत ठेवून मोजतात आणि जेवताना स्वतःच्या ताटातला पोळीचा तुकडा टेबलाखाली कसा पडतो ते त्यांनाही कळत नाही. रजिस्टरात त्याला रकाना नाही.

लिफ्टच्या प्रकरणात मात्र आमचं वाजलं. काही सभासदांची तक्रार होती की लिफ्टमध्ये केस पडतात, वास येतो, लहान मुलं घाबरतात. तक्रार अगदीच खोटी नव्हती. ३८ किलोंचा कुत्रा शेपटी हलवत शिरला की लिफ्टमध्ये उरलेल्यांनी भिंतीला पाठ लावूनच उभं राहायचं. वार्षिक सभेत मी ठराव मांडला: कुत्र्यांनी जिना वापरावा. ब्रूनोचे बाबा उठले. काखेत फाइल. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या सूचना त्यांनी परिच्छेदवार वाचल्या. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तेवढ्यावर थांबले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण हाती आलेली सभा त्यांनी सोडली नाही. महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराजाने कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात जायला नकार दिला, हे त्यांनी सांगितलं. रथ घेऊन आलेल्या इंद्राने “कुत्रा चालणार नाही” म्हटलं होतं, हेही सांगितलं. आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “हा इंद्र बहुतेक सोसायटीचा सेक्रेटरी असावा.” सभा हसली, ठराव बारगळला. त्या गोष्टीतला कुत्रा शेवटी साक्षात यमधर्म निघाला होता आणि ब्रूनोने अजून रूप पालटलेलं नाही, हा मुद्दा मला सुचला तेव्हा चहा-सामोसे सुरू झाले होते.

त्यांच्या दारावर आधी ‘कुत्र्यापासून सावध’ अशी तयार पाटी होती. ती त्यांना बदनामीकारक वाटली. हल्ली तिथे सुवाच्य अक्षरात आहे: ‘आत ब्रूनो आहे. तो चावत नाही, चाटतो. ज्यांना चाटलेले चालत नाही त्यांनी फोन करावा.’ आत गेलात की सोफ्याची खोळ तुम्हाला दिसणारच नाही, कारण ती ब्रूनोच्या रंगाची शिवून घेतली आहे. केस झाडून संपत नाहीत हे वर्षभर अनुभवल्यावर वहिनींनी काढलेला तो तोडगा. बाबांची पँटही आता त्याच रंगाची असते.

गोचिडांचे दिवस सुरू झाले की या घरात रात्रीचा टीव्ही बंद. गोचीड चावली की टिक फीवर, रक्तातल्या प्लेटलेट्स खाली, मग सलाइन. एकदा हे सगळं होऊन गेलं आहे, आणि तेव्हा बाबा दवाखान्याच्या बाकावर ज्या चेहऱ्याने बसले होते त्याची मी थट्टा करणार नाही. आता जेवणं झाली की ब्रूनो आडवा, बाबा चष्मा आणि चिमटा घेऊन शेजारी, वहिनी मोबाइलची बॅटरी धरून. कान, काख, पायांच्या बोटांच्या बेचक्या. सापडलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत जाते, बाटलीवर महिन्याचं नाव. ब्रूनो मध्येच घोरायला लागतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज रात्री दोघं एकाच कामावर अर्धा तास डोकं खाली घालून बसली आहेत असं ब्रूनोच्या आधी कधी घडलं नव्हतं, असं वहिनी म्हणतात. त्या बसतात, कुरकुरतात आणि बॅटरी सरळ धरतात.

दिवाळीतही तेच. फटाके सुरू झाले की बाबा ब्रूनोला घेऊन बाथरूममध्ये, नळ मोठा सोडून, दाराच्या फटीला टॉवेल लावून. मी एकदा डोकावलो. ब्रूनो पसरला होता, लक्ष्मी बॉम्बला कानसुद्धा हलत नव्हता. दचकत होते ते बाबा, आणि प्रत्येक दचक्याला त्यालाच थोपटत होते: “काही नाही रे, काही नाही.”

त्यांचा आनंद कुठे असतो तेही सांगायला हवं. ते कोपऱ्यावरून दूध घेऊन येतात. जायला-यायला पाच मिनिटं. दार उघडताच ब्रूनो अंगावर झेप घेतो, तोंडात एक चप्पल, शेपटीने चपलांचा स्टँड आडवा, आणि घशातून असा काही आवाज की माणूस पानिपतावरून जिवंत परतला. नोकरीत असताना हेडक्लार्क आले म्हणून खुर्ची सोडून कुणी उठल्याचं मला माहीत नाही. बाबा तोंडाने “पुरे, पुरे” म्हणतात आणि दुधाची दुसरी पिशवी मुद्दाम विसरून परत खाली जातात.

वयाचा हिशोब त्यांनी अलीकडे नव्याने मांडला. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे त्यांना पटेना. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली लॅब्रॅडॉरांच्याच डीएनएवरून एक सूत्र काढलंय: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला १६ ने गुणायचं, वर ३१ मिळवायचे. माळ्यावरून मुलाची क्लार्क्स टेबल्स खाली आली. लॉग काढला, २.३०३ ने गुणला, आणि असं निघालं की ब्रूनो सुमारे ५ वर्षं ५ महिन्यांचा झाला की तो ५८ पूर्ण करतो. शासकीय नियमानुसार नियत वयोमान. तारीख ठरली, शेजारीपाजारी बोलावले, शाल-श्रीफळ झालं. ब्रूनोने नारळाची शेंडी खाल्ली. त्याचा उल्लेख दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाच्या नोंदीत आहे.

गेल्या महिन्यात सिअ‍ॅटलला नात झाली. जाणं भाग होतं. ब्रूनोला ठेवायला त्यांनी लिफ्टचा वैरी निवडला, म्हणजे मला. रीतसर चार्ज दिला. दोन प्रतींत यादी: वाडगे दोन, पट्टे दोन, दोरी एक, चप्पल (चावलेली, निर्लेखनास पात्र) एक, रजिस्टर चालू एक, जुनी तीन. मी सही केली. विमानतळाच्या गाडीत बसताना वहिनी रडल्या. बाबा रडले नाहीत; ते ब्रूनोला काहीतरी सांगत होते आणि ब्रूनो डिकीतल्या चकल्यांचा वास घेत होता.

रोज व्हिडिओ कॉल येतो. पहिली दहा मिनिटं मी नोंदी वाचून दाखवतो, मागे ब्रूनो झोपलेला दिसेल असा फोन धरून. काल आमच्या हिने मध्येच विचारलं, “अहो, नातीचं सांगा की! कशी आहे पोर?”

बाबांचा चेहरा एकदम कामाला लागला. फोन टेबलावर ठेवून त्यांनी काहीतरी ओढून घेतलं. लाल कापडाची बांधणी तिकडे मिळत नसावी, वही निळी होती.

“दूध दर अडीच तासांनी. सकाळपासून लंगोट चार ओले, दोन भरलेले. रंग पिवळा, स्वरूप दाणेदार, समाधानकारक. इथल्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा वही मागून घेतली.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, “पण एक अडचण आहे, वहिनी. शेपूट नाही ना. त्यामुळे मी खोलीत आलेलं तिला आवडलं की नाही, काही कळतच नाही हो.”