घोरतो किती गोड!

आमच्या सोसायटीत कुत्र्याला कुत्रा म्हणायची सोय उरलेली नाही. लिफ्टमध्ये भेटला तर ‘कोण आलंय, कोण आलंय’ करायचं आणि वर जाईपर्यंत त्याच्या मम्मीकडून कौतुक ऐकायचं. सध्या कौतुक घोरण्याचं चालू आहे. “अहो, रात्री इतका घोरतो ना, यांच्यापेक्षा मोठ्यानं! इतका गोड वाटतो!” नवरा घोरला की डॉक्टर, पग घोरला की रील.

पगचं आपलं सगळं कौतुक असंच, आजारांच्या यादीवरून चालतं. डोळे बटाट्याएवढे? खोबणी उथळ म्हणून ते बाहेर आलेले असतात. सोफ्याचा कोपरा लागला तरी बुबुळाला जखम होते. चेहऱ्यावर आजोबांसारख्या सुरकुत्या? त्यांच्या आत ओल साचते, मग खाज, मग वास. शेपटीचं वेटोळं? ते शेपटीच्या वाकड्या मणक्यांचं असतं, आणि अशा कुत्र्यांचा पाठीचा एखादा मणकाही वाकडा निघू शकतो. दात लांडग्याला ४२ आणि पगलाही ४२च; जबडा मात्र एवढासा. वन रूम किचनमध्ये एकत्र कुटुंब राहावं तसे ते दात एकमेकांना खेटून आडवेतिडवे बसतात. आणि घोरणं? नाकपुड्या फटीएवढ्या, टाळूचा मऊ पडदा घशात लोंबणारा, त्यातून हवा ओढताना जो आवाज होतो तो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं २०२२ साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा श्वासमार्ग अडण्याच्या या विकाराचा धोका पगना इतर कुत्र्यांच्या ५४ पट निघाला.

पग पहिल्यापासून असा नव्हता. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानं १७४५ साली स्वतःच्या चित्रात आपला पग शेजारी बसवलाय. त्याला चक्क नाक आहे, पुढे आलेलं. (त्या कुत्र्याचं नाव ट्रम्प होतं. साल पुन्हा वाचा आणि राजकारण मध्ये आणू नका.) नाक पुढच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आत ढकललं, कारण बाळासारखा चपटा चेहरा माणसाला आवडतो. ज्या डच व्यापाऱ्यांनी पग युरोपात नेला असं मानतात, त्यांच्या नेदरलँड्समध्ये आज फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीला बंदी आहे.

आपल्याकडे त्याला २००३ साली एका मोबाइल कंपनीनं घरोघरी पोचवलं. जाहिरातीत तो एका पोराच्या मागं मागं जाई, पोरगा जाईल तिथं. नेटवर्क आलं, गेलं, कंपनीचं नावही बदललं, पग राहिले. जाहिरातीत कुणी घामाघूम झालेलं दिसत नाही. कुत्र्याला तसाही आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जीभ, नाक, घसा यांवरून वारा खेळवतो आणि अंग निववतो. पगचा हा रस्ताच अरुंद. जोरात धाप टाकली की आतलं सुजतं, सुजलं की आणखी जोरात धाप. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो, पण हौस तिथंही पोचलेली आहे. पुण्यातले मालक संध्याकाळी पाचला, डांबर तापलेलं असताना, गळ्याला पट्टा लावून त्याला ओढत ‘वॉक’ला नेतात. मग सांगतात, “फार आळशी आहे हो.”

आळशी तर असणारच, कारण तो घरात प्रत्येकाकडून वेगवेगळा नाश्ता करतो. आजोबा चहात बुडवून बिस्किट देतात, आजी सत्यनारायणाचा शिरा. शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं? “तो बघतोच असा ना!” बघणारच, त्याचा तो धंदा आहे. हात फिरवल्यावर बरगड्या लागायला हव्यात, इथं गादी लागते, आणि मानेवरची चरबी उरलासुरला श्वासही दाबते.

खरी निगा अगदी नीरस आहे. सुरकुत्या ओल्या कापसानं पुसून लगेच कोरड्या करायच्या, दात घासायचे, गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस लावायचा, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवून आणायचं, वजनाचा काटा बाहेर काढायचा, आणि घोरणं वाढलं की नाकपुड्या दाखवायला नेऊन गरज असेल तर शस्त्रक्रिया करून घ्यायची. यातल्या कशाचाही फोटो चांगला येत नाही. म्हणून वाढदिवसाला शेरवानी शिवली जाते, केक मागवला जातो, आणि सुरकुत्या पुसायचं काम पोळ्या करणाऱ्या मावशींकडे जातं.

विकत घेतानाही तीच तऱ्हा. मुलीला स्थळ आलं तर त्यांच्या आजोळापर्यंत चौकशी करणारी माणसं पिल्लू मात्र कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून, रोख पैसे मोजून उचलतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि कुत्रीला वर्षात एकापेक्षा जास्त वेळा व्यायला लावता येत नाही. नोंदणीचा कागद मागितला तर विकणारा आपल्याकडेच संशयानं पाहतो. निदान पिल्लाची आई तरी दाखवा म्हणावं, ती घोरते का, चालताना धापा टाकते का ते कळेल.

“आई ना? ती गावाला असते.”